फळीवरची डबल बेल

सावेडीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या नेवासकर सरांनी माझ्या दुकानात खेळणाऱ्या पाच जणांना फसवलं. आधी त्यांची रीत बसून शिकून घेतली, मग भरल्या कार्यालयात त्याच रीतीला लबाडी म्हटलं, आणि आता तीच रीत स्वतःची म्हणून कारखान्यांतल्या साहेब लोकांना शिकवतात. हे आधी लिहून टाकतो. संपादकांनी मला धंद्यातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितलं आहे. गमती सांगतो, भरपूर आहेत. पण गमतीजमतीत मूळ मुद्दा कसा वाहून जातो ते मी पाहिलेलं आहे, म्हणून कोणी कोणाला फसवलं ते वरच आलेलं बरं.

मी मूळचा पारनेर तालुक्यातला. नगरला येऊन टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, नंतर नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची खोकी चालवली, आज सीसीटीव्ही बसवतो. मधल्या काळात, म्हणजे नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, सावेडी रोडला एका टायरच्या दुकानावर माझं कॉम्प्युटर गेमचं दुकान होतं. त्या दुकानाबद्दलच लिहितो. माझ्या बाकीच्या आयुष्यात वाचकाला रस असायचं कारण नाही.

एमआयडीसीतलं एक युनिट बंद पडलं आणि त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसातले कॉम्प्युटर विकायला निघाले. बाकीचे दुकानदार एकेक मशीन चालू करून बघत होते. मी सगळा लॉट मागितला. सौदा तुटायला आला तेव्हा मी म्हणालो, "तुमचाच भाव देतो, पण हे ज्या फळीवर ठेवलेत ती फळीही पाहिजे." मॅनेजरला वाटलं मी येडा आहे. ती फळी म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध सागवान. आमच्या जिन्यातून ती वर जाईना. शेवटी खिडकीचे गज कापून दोरखंडाने आत घेतली. टायरवाले शेठ खालून ओरडत होते, "सुदामशेठ, दुकान लावताय का नाव बांधताय?"

त्या फळीवर मी सगळी मशीन ओळीने मांडली. मशीन एकमेकांना जोडायला तेव्हा टीव्हीच्या केबलसारखी काळी जाड वायर असायची. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि दोन्ही टोकांना बाटलीच्या बुचाएवढी धातूची टोपी. मधे कोणाचा पाय लागून जोड सैल झाला की त्या एकट्याचं नाही, सगळ्यांचंच बंद. मग सगळे एकमेकांच्या पायांकडे बघायचे. बाहेरच्या माणसाला ह्या धंद्याबद्दल एवढं समजलं तरी पुरे: इथे एकाचा पाय हलला की सगळ्यांचा खेळ खलास होतो.

गिऱ्हाईक बहुतेक गाड्या पळवायला नाहीतर एकमेकांना गोळ्या घालायला यायचं. तो धंदा बरा होता, पण त्यात भांडणं फार. मग पोलिसांच्या पथकाचा एक खेळ आला. तो नीट समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पाच जणांनी पाच मशीनवर बसायचं. पाचही जण एकाच पथकातले पोलीस. समोर एक इमारत, आत बंदूकवाले आणि त्यांनी अडकवून ठेवलेली साधी माणसं. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या पोलिसाला जेवढं दिसतं तेवढंच दिसणार. यातली मुख्य गोष्ट म्हणजे दिसला बंदूकवाला की झाडली गोळी, असं चालत नाही. आधी ओरडून शस्त्र खाली टाकायला सांगायचं. त्याला वेगळं बटण होतं. त्याने बंदूक रोखली तरच गोळी. शरण आला तर बेडी, आणि बेडी घातली की वरिष्ठांना कळवायचं, त्यालाही बटण. शेवटी शंभरपैकी गुण मिळायचे. उगाच गोळी घातली की गुण कापले, आपला माणूस मेला की कापले, कळवायचं राहिलं तरी कापले. दाराखालून आरसा सरकवून आत कोण आहे ते बघता यायचं, मागच्या दाराला पाचर मारता यायची, डोळे दिपवणारा फटाका आत टाकता यायचा. पण एकाने आरसा धरला तर दुसऱ्याने त्याची पाठ सांभाळायची, एकाने फटाका टाकला तर बाकीच्यांनी तेवढ्यात भिंतीकडे तोंड करायचं. एकट्या माणसाला कितीही चांगला नेम असला तरी तो तिसऱ्या खोलीत मरणारच. खेळ बनवणाऱ्याने तो तसाच बनवला होता.

पहिले काही दिवस आमच्या लोकांनी एकमेकांनाच मारलं. दार उघडलं की पाचही जण एकदम आत. पुढचा वाकला की मागच्याची गोळी त्याच्या पाठीत.

"अल्त्या, माझ्या पाठीत घातली की रे!"

"तू मधी कशाला आला? मी त्या टकल्याला मारत होतो."

"टकल्यानं हात वर केलते!"

"मग आधी सांगायचं ना!"

हा अल्ताफ. खाली टायरच्या दुकानात काम करायचा, हात फार चलाख. नेम लावायला त्याच्यासारखा कोणी नव्हता आणि उगाच गोळी घालण्यातही नव्हता.

भांडण माझ्यापर्यंत यायचं ते तासाच्या हिशेबावरून. "शेठ, मी पयल्या खोलीत मेलो, मग पूर्ण तासाचं कसं?" प्रत्येक मेलेला माणूस माझ्याशी घासाघीस करायला यायचा. आता घासाघीस हा माझा प्रांत. त्यात मी कोणाला पुढे जाऊ देत नाही. मी पाटी लावली: भाडं माणशी नाही, पथकाचं. आणि एक मेला तर पाचही जणांनी पहिल्यापासून सुरू करायचं. माझ्या डोक्याचा त्रास वाचावा म्हणून केलेला नियम. पण त्यामुळे झालं असं, की अल्ताफ आत घुसायला लागला की बाकीचे चौघं ओरडायचे, "थांब रे, तुझ्यापायी आमचा तास जातोय." माणसं एकमेकांचा जीव सांभाळायला लागली.

एकदा एक हवालदार वर आले. इथे जुगार चालतो का ते बघायला आले होते. फळीवरच्या ओळीत पोलीसच पोलीस बघून उभेच राहिले. "ह्या एका मान्साला एवढं सामान?" म्हणाले, "चिलखत, हेल्मेट, आरसा? आमच्याकडं आख्ख्या चौकीत मिळून एक टॉर्च हाय, तीबी ठोकून लागती." मग दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यात येऊन खेळायचे. त्यांना पळता येत नव्हतं, नेम तर अजिबात नव्हता. पण ज्या खोलीत ते जायचे त्या खोलीतल्या प्रत्येकाला बेडी. एकदा अडकलेल्या म्हातारीलाही घातली. पोरं ओरडली, "काका, ती निरपराध आहे!"

"आसंल. आधी समद्यांना खाली बसवायचं. कोन कोन हाय ते च्या झाल्यावर बगू."

शेवटी गुण बघितले तर म्हातारीला बेडी घातल्याचे गुण वाढले होते. खेळाचा नियमच तसा होता, पोरांनी वाचला नव्हता. हवालदारही गोंधळले. बेडी घातली की दरवेळी कळवायचं बटण दाबावं लागतं हे समजल्यावर मात्र खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हे मातुर खरंय. काम थोडं, कळवनं लई."

आता बेलचं सांगतो.

आमच्या गावचे काशिनाथमामा एसटीत कंडक्टर होते, पारनेर गाडीवर. ड्युटी संपली की माझ्या पंख्याखाली येऊन बसायचे. खेळाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एका दुपारी पाच जण एका दारात चौथ्यांदा मेले. मामा पिशवीतून पान काढत होते, थांबले.

"आरं सुदाम, ही समदी दारातच का मरत्यात?"

"सगळ्यांना आधी आत जायचंय, मामा."

"मग आमच्या पारनेर गाडीवानी झालं की. ह्यात कंडाक्टर कोन हाय?"

सगळे हसले. मामांना राग आला.

"हसू नगा. डायव्हरला पुढचं दिसतं, मागचं दिसत न्हाई. मागचं मला दिसतं. म्हनून आमी काय वरडत बसतो व्हय? सिंगल बेल, थांब. डबल बेल, चल. गाडी रिवर्स घ्यायची आसंल तर मी खाली उतरून मागल्या पत्र्यावर थापा मारत ऱ्हातो. थाप चालू हाय तवर ये मागं. थाप थांबली, गाडी थांबली. हितं तुमी पाची जनं डायव्हर. मरनार न्हाई तर काय हुनार?"

मामा पान लावून झोपले. पण ओळीच्या शेवटी बसलेला सॅम्युअल तसाच बसून राहिला.

सॅम्युअलचे वडील शाळेत मास्तर. हा कॉलेजला होता आणि रविवारी सकाळी चर्चमधल्या लहान मुलांच्या शाळेत शिकवायला जायचा. बोलणं कमी. नेम इतका वाईट की बाकीच्यांनी त्याला कायम शेवटी ठेवलेला. तो मला म्हणाला, "शेठ, मी मागेच असतो. मी गोळी घालणारच नाही. फक्त बघतो."

खेळताना कानाला हेडफोन, त्यात गोळ्यांचे आवाज. शेजारी बसलेल्याची हाकही नीट ऐकू यायची नाही. सॅम्युअलने बोटाच्या पेराने फळीवर एकदा ठोकलं. पाचही कीबोर्ड त्याच एका फळीवर. आवाज कोणाला आला नाही, पण मनगटाला समजलं. चौघांनी एकदम माना वर केल्या. मी गल्ल्याजवळ फळीला टेकून उभा होतो, मला कोपरात समजलं.

एक ठोका, थांब. दोन, चल. तळहाताची थाप चालू राहिली तर तोंड पुढे ठेवून मागे सरका. थांबली की जागेवर. सुरुवातीला चेष्टा म्हणूनच चाललं होतं. अल्ताफ प्रत्येक दाराला "पारनेऽर, सुपाऽ" ओरडायचा. पण त्याच आठवड्यात ते पथक न मरता चौथ्या खोलीत गेलं. मग सॅम्युअलला सगळे कंडक्टरच म्हणायला लागले. त्याने डबल दिल्याशिवाय दार उघडायचं नाही हे अल्ताफलाही पटलं, आणि अल्ताफला काही पटणं ही सोपी गोष्ट नव्हती. पुढे पुढे तर ते चुपचाप खेळायचे. पूर्वी दुकानात बाजार भरल्यासारखा आवाज असायचा, आता नुसतं टक, टकटक. गुण नव्वदच्या वर जायला लागले. इतर गिऱ्हाईक स्वतःचा खेळ सोडून मागे उभं राहून बघायचं. मी त्यांना हाकलायचो, पण बघायला मलाही आवडायचं. इतकी वर्षं धंदा करून मी दोन माणसांना एका भावावर आणण्यात हयात घालवली. इथे पाच जण न बोलता एका मतावर येत होते.

नेवासकर सर तेव्हाच आले. स्कूटर खाली लावून, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "शेठ, तुमच्या पोरांचं फार नाव ऐकलं." मला चहा सांगावाच लागला. त्या दिवसानंतर कित्येक रविवार ते येऊन सॅम्युअलच्या मागे स्टुलावर बसले. हे ठोके कधी द्यायचे, दोनमधलं अंतर किती ठेवायचं, शेवटच्या माणसाने कुठे उभं राहायचं, सगळं विचारायचे. सॅम्युअल मोकळेपणाने सांगायचा. मी पण सांगायचो. कोणी सुशिक्षित माणूस आपल्या दुकानात शिकायला येतो म्हटल्यावर मी फुगलो होतो. नाही कशाला म्हणू?

मग त्यांनी स्पर्धेचं काढलं. क्लासतर्फे नगरमध्ये कॉम्प्युटर प्रदर्शन, एका मंगल कार्यालयात, आणि त्यात याच खेळाची स्पर्धा. श्रीरामपूर, संगमनेरचे संघ येणार, पुण्याहून पाहुणे येणार. मी एकच अट घातली: टेबलं सुटी लावायची नाहीत, पाच जणांना एकच फळी पाहिजे. कशासाठी ते सरांना चांगलं माहीत होतं. "अहो शेठ, एकच फळी. शब्द देतो," म्हणाले.

शब्द त्यांनी पाळला. एकच फळी होती. म्हणून तर मला आधी संशय आला नाही.

शेवटच्या फेरीत सरांच्या क्लासचा संघ आधी खेळला. बासष्ट गुण. मग आमचे पाच जण बसले. मी भिंतीला टेकून उभा होतो, मागे सगळं कार्यालय भरलेलं. सॅम्युअलने एक ठोका दिला, सगळे थांबले. बराच वेळ काहीच होईना. लोक चुळबुळायला लागले. मग टकटक. दार उघडलं, फटाका पडला, आतले तिघं हात वर करून बसले. एकही गोळी नाही. शेवटच्या खोलीत बंदूकवाल्याने एका बाईला पुढे धरलं होतं. सॅम्युअलची थाप सुरू झाली. चौघं तोंड न फिरवता मागे मागे आले, थाप थांबली. तो माणूस बाईला सोडून दाराकडे आला, आणि अल्ताफने, ज्या अल्ताफने आयुष्यात कधी गोळी राखली नव्हती त्याने, ओरडायचं बटण दाबलं. बंदूक खाली पडली. बेडी. कळवलं. एक्क्याण्णव गुण. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

तेव्हा नेवासकर सर माईकवर आले; पंचही तेच होते. टाळ्या थांबू दिल्या. म्हणाले, "एक खेदाची गोष्ट सांगायची आहे. या संघाने खेळाबाहेरच्या खुणा वापरल्या. टेबल वाजवून एकमेकांना इशारे दिले. हा खेळ कॉम्प्युटरवर आहे, टेबलावर नाही."

लोक हसले. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

मी स्टेजवर गेलो. कसा गेलो आठवत नाही, पायरी घेतली नसावी. म्हणालो, "कुठल्या नियमात बसतं हे? तुम्ही माझ्या दुकानात बसून शिकलात ना?"

सर शांत होते. त्यांचा आवाज कायम शांत. "शेठ, चिडू नका. खरं तर संघ बादच करायला हवा. पण तुमच्याकडे बघून मी फक्त पन्नास गुण कापतो."

आता ह्याच्यापुढे जे झालं ते मला ओळखणारा कोणीही माणूस आधीच सांगू शकला असता. समोरच्याने आकडा टाकला की मी निम्म्यावर येतो. भाजी घेताना, जागा घेताना, मुलीचं लग्न ठरवताना, सगळीकडे. पन्नास कापले तर एक्केचाळीस राहतात, हरलो. पंचवीस कापले तर सहासष्ट, तरी आम्हीच पुढे. हा हिशेब डोक्यात व्हायच्या आधी तोंडातून गेला.

"पन्नास कशाला? पंचवीस कापा."

माईक चालू होता. सॅम्युअलने मागून माझी बाही ओढली. "शेठ, काही मागू नका. आपण काही केलेलंच नाही."

पण सरांनी तोवर माईक तोंडाशी घेतला होता. "म्हणजे मालकांनाच चूक मान्य आहे. मग गुण कापण्याचा प्रश्नच उरत नाही. संघ बाद."

मी भावात कधी कोणाकडून हरलो नाही. त्या दिवशी त्यांनी मला आकडा दाखवून घेरलं. ते कित्येक रविवार माझ्या दुकानात बसले होते, ते फक्त फळीकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या: नगरच्या संघाची लबाडी उघड. पाचही नावं होती. अल्ताफला त्याचं काही वाटलं नाही, निदान तो तसं म्हणाला. टायरच्या दुकानात कोण पेपर वाचतं? सॅम्युअलचं तसं नव्हतं. रविवारच्या शाळेत एका पालकाने विचारलं, मुलांना खरं बोलायला हाच शिकवतो का. कोणी त्याला जा म्हटलं नाही. तो स्वतःच जायचा थांबला. आणि माझ्याकडे यायचाही थांबला.

एके दिवशी त्याचे वडील जिना चढून वर आले. पांढरा सदरा, हातात छत्री. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. "माझा मुलगा घरी काही बोलत नाही. त्याने काय केलं ते मला दाखवा."

मी त्यांना सॅम्युअलच्या जागेवर बसवलं. चार गिऱ्हाईकं ओळीत बसवली, खेळ लावला, फळीवर ठोकून दाखवलं. एक, थांबले. दोन, निघाले. मास्तरांनी स्वतः बोटाने ठोकून बघितलं. हात फळीवर ठेवूनच विचारलं,

"यात लबाडी कुठे आहे?"

"नाही, मास्तर. कुठेच नाही."

"मग तुम्ही पंचवीस का म्हणालात?"

मला राग आला. मी म्हणालो, मास्तर, तुम्हाला धंद्यातलं कळत नाही, समोरचा पन्नास म्हणाला तर... असं काहीतरी बोललो, मोठ्याने बोललो. ते ऐकून घेतलं त्यांनी. छत्री उचलली. "तुमचं पथक चांगलं होतं," म्हणाले आणि खाली उतरले. मी जिन्यापर्यंत गेलो.

प्रकरण तिथे संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. जगात पंच चुकतात, आणि त्यात रागाच्या भरात माझ्यासारखा माणूस भर घालतो. पण काही महिन्यांनी अल्ताफ टायरच्या कामाने पुण्याला गेला होता, तिथे मोठी स्पर्धा चालली होती म्हणून आत डोकावला. परत आला तो तडक वर आला.

"शेठ, सरांची पोरं खेळत होती. ते वाजवत्यात."

"काय वाजवतात?"

"सिंगल, डबल. मागं घ्यायची थापबी. सगळं आपलंच. शेवटी बसलेला पोरगा गोळीबी घालत न्हाई."

"जिंकले?"

"जिंकले ना. सरांनी हार घातले."

मी तसाच सावेडीला गेलो. क्लासच्या पायऱ्यांवर सर भेटले. विचारलं. म्हणाले, "शेठ, पुण्यातल्या नियमात ते बसतं. आणि कल्पना काय कोणाच्या मालकीची असते का?" मी कॉलर धरली. क्लासमधली माणसं मधे पडली. त्यानंतर ज्याला विचाराल तो सांगायचा की सुदामशेठ हरले म्हणून सरांच्या अंगावर गेले. मालकीचं तर मी बोलतच नव्हतो. बेल एसटीची आहे, मामांची नाही, माझी तर नाहीच. मी एवढंच विचारत होतो की जी गोष्ट तुमच्या पोरांनी केली तर हार, ती माझ्या पोरांनी केली तेव्हा लबाडी कशी?

दुकान पुढे दोनेक वर्षांनी बंद केलं. ते त्यामुळे नाही. घरोघरी कॉम्प्युटर आले, मी वेळेत बाहेर पडलो आणि मशीन विकताना चांगला भाव घेतला. फळी आजही माझ्या दुकानात आहे, तिच्यावर कॅमेऱ्यांची खोकी असतात. पुन्हा तसं पाच जणांचं पथक मी पाहिलं नाही. आजकालच्या खेळात माईक असतो, सगळे सगळ्यांशी सतत बोलतात. बघतो तर पुन्हा दारातच मरतात.

मध्यंतरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॅमेरे बसवायला गेलो होतो. तिथला सुपरवायझर जेवताना सांगत होता की कंपनीत एका सरांचं व्याख्यान झालं, एकत्र काम कसं करावं यावर. फार छान बोलतात म्हणे. टेबलाभोवती लोकांना बसवतात, डोळे मिटायला लावतात आणि ठोके देतात. एक, थांबा. दोन, चला. हसत हसत सांगतात, "ही रीत मी नव्वदच्या दशकात माझ्या विद्यार्थ्यांसाठी शोधली." नाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. नेवासकर सर. केस पांढरे झालेत म्हणे, आवाज तसाच शांत.

तर सर, हा अंक तुमच्या वाचनात येईल, नाही आला तर मी पोचवीन. तुमच्यावरच्या रागाने लिहितोय असं म्हणा, माझी हरकत नाही. पण एकाचं उत्तर द्या. टेबलावर ठोका देणं ही लबाडी असेल, तर तुम्ही इतकी वर्षं कारखान्यांत जाऊन लबाडी शिकवताय, तसं त्या साहेबांना सांगा. आणि ती चांगली रीत असेल, तर अल्ताफ, सॅम्युअल आणि बाकीचे तिघं लबाड नव्हते, तसं माईकवरून सांगा; बाद करताना जेवढ्या मोठ्याने सांगितलं होतं तेवढ्याच मोठ्याने. माझं नाव घेऊ नका, मी पंचवीस म्हणालो होतो, ते माझ्याकडे राहू द्या.

आणि हे उत्तर मला कळवू नका. सॅम्युअलच्या वडिलांना जाऊन सांगा. मास्तर आता खूप थकलेत, पण कान शाबूत आहेत. सावेडीतच राहतात. तुमच्या क्लासच्या पायऱ्या उतरून डावीकडे वळलं की चालत जाण्याएवढ्या अंतरावर.